गंजलेले ब्रेक पाइप: तुकडा जोडू नका, पूर्ण बदला आणि मग हवा काढा

हर्णै बंदरावर मासळी भरून कुंभार्ली घाटातून कराडकडे जाणाऱ्या पिकअपच्या खाली एकदा पाठीवर झोपून बघा. पेट्यांमधला बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटींतून गळतं आणि थेट चासीवर आणि मागच्या ॲक्सलवर पडत राहतं. नेमके तिथूनच ब्रेकचे पाइप गेलेले असतात. त्यात आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराची खारी हवा. देशावर जो पाइप पंधरा वर्षं टिकतो, तो मासळीच्या गाडीवर पाच-सहा वर्षांत खाल्ला जातो.

माझं गॅरेज दापोली तालुक्यात आहे आणि अशा गाड्यांचंच काम माझ्याकडे जास्त येतं. काही वर्षांपूर्वी एका पिकअपचा मागच्या ॲक्सलवरचा पाइप फुटला होता. मी तेवढाच पाइप बदलला, हवा काढली आणि गाडी दिली. चासीवरून पुढे गेलेला लांब पाइप वरून काळा, धड दिसत होता. आठ महिन्यांनी तोच पाइप एका क्लिपखाली फुटला. गाडी उभी करताना, अंगणातच फुटला म्हणून निभावलं. दोन तास आधी तीच गाडी भरल्या मालानिशी घाट उतरून आली होती. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: एक पाइप गंजून फुटला, तर त्याच वयाचे, त्याच पाण्याखाली राहिलेले सगळे पाइप बदलायचे. मालक खर्चाला कुरकुरतो, तेव्हा त्याला गाडीखाली नेऊन क्लिप उघडून दाखवतो.

हे सगळं पिकअप, छोटा हत्ती आणि त्या वर्गातल्या हायड्रॉलिक ब्रेकच्या गाड्यांसाठी आहे. दहा चाकी, बारा चाकी ट्रकला एअर ब्रेक असतात. त्यांचं काम पूर्ण वेगळं, त्याला हात लावताना हा लेख उपयोगी नाही. गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल, तर ती काढायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो. तिथे कंपनीच्या पद्धतीनेच जा.

गंज कुठे शोधायचा

कारखान्यातून येणारा ब्रेक पाइप पोलादी, दुहेरी भिंतीचा असतो. बाहेरचा व्यास सहसा ४.७५ मिलिमीटर. वर जस्ताचा आणि प्लास्टिकचा लेप. उघड्यावर हा लेप बराच टिकतो. जातो तो क्लिपखाली, कारण क्लिप आणि पाइप यांच्या फटीत चिखल बसतो, चिखलात मीठ राहतं आणि ते कधी वाळतच नाही. म्हणून पाइपवरून नुसतं फडकं फिरवून काही कळत नाही. प्रत्येक क्लिप स्क्रू ड्रायव्हरने उचकटा आणि खालचा भाग टोकाने खरवडा. काळा रंग निघून खाली करडा, गुळगुळीत धातू दिसला तर ठीक. पापुद्रे सुटून आले, पाइप फुगल्यासारखा खडबडीत लागला किंवा खड्डे दिसले, तर तो पाइप गेला. चासीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, डिझेलच्या टाकीच्या वर आणि मागच्या ॲक्सलवरच्या टी-जोडाजवळ आवर्जून बघा.

हा गंज इतका मनावर का घ्यायचा? पिकअपच्या मागच्या टायरमध्ये ६० पीएसआयच्या आसपास हवा असते. जोरात ब्रेक मारला की या बारीक पाइपमध्ये दाब १,००० पीएसआयच्या वर जातो. रोजच्या हलक्या ब्रेकला टिकलेला पाइप नेमका आणीबाणीत फुटतो, त्याचं कारण हे.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलच्या जोराने ऑइल दाबणारा पंप, दुहेरी असतो. त्यामुळे मागचा पाइप फुटला तरी पुढचे ब्रेक शिल्लक राहतात. पण पॅडल जवळजवळ तळाला जातं आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. चालकाने हे आधीच समजून ठेवावं: पॅडल अचानक खाली गेलं तर पंप करत राहायचं, गिअर खाली घ्यायचा आणि हँडब्रेक हळूहळू ओढायचा. हँडब्रेक वायरवर चालतो, त्याला ऑइलशी देणंघेणं नाही.

रबरी होजही याच वेळी बघून घ्या. होज वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा कोणी पॅडल दाबल्यावर तो फुगताना दिसला, तर बदला. होज आतून बंद होतो तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. ऑइल दाबाने पुढे जातं पण परत येत नाही, चाक धरून राहतं, ड्रम तापतो. असं एक चाक सतत गरम होत असेल तर व्हील सिलिंडर (ड्रममधले लायनर, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, ढकलणारा) उघडण्याआधी होजवर संशय घ्या.

सामान

पाइप शक्यतो तुमच्या मॉडेलचा तयार, नट आणि फ्लेअरसकट (पाइपचं फुगवलेलं टोक) मिळतो तोच घ्या. तालुक्याच्या गावी नसेल तर दोन दिवस थांबून मागवून घ्या. तयार पाइप नाहीच मिळाला, तर ब्रेकसाठीचा पोलादी किंवा तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप घेऊन टोकं स्वतः करता येतात. तांबं-निकेल गंजत नाही आणि हाताने सहज वाकतो, म्हणून मासळीच्या गाडीला मला तो जास्त पसंत आहे. फ्रिज-एसीची शुद्ध तांब्याची नळी मात्र कोणी कितीही सांगितलं तरी वापरू नका. हादऱ्यांनी ती कडक होत जाते आणि एक दिवस तडकते. मध्ये तुकडा घालून कॉम्प्रेशन जोडाने जोडणंही तसंच. पाण्याच्या लाइनचा तो जोड ब्रेकच्या दाबासाठी नसतो.

पान्यांमध्ये फ्लेअर नट पाना हवाच. तो रिंग पान्यासारखा असतो, फक्त पाइप आत जाण्यापुरता कापलेला. साध्या फिक्स पान्याने गंजलेला नट हमखास गोल होतो. याशिवाय पाइप कटर, फ्लेअरिंग टूल, निपलच्या (चाकाजवळचा, हवा काढायचा छोटा स्क्रू) मापाचा रिंग पाना, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी (सलाइनची नळी चालते), एक रिकामी बाटली, गंज सोडवायचा स्प्रे, स्पिरिट आणि स्वच्छ फडकी.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच. डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही ग्लायकॉलचे, एकमेकांत मिसळले तरी बिघडत नाही. फक्त जिथे डॉट ४ सांगितलंय तिथे डॉट ३ नको. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मुरलेल्या डॉट ३ ची हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ड्रम तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली की पॅडल पोकळ. म्हणून शेल्फवर सहा महिने उघडा राहिलेला डबा कितीही भरलेला असो, तो वापरायचा नाही. सीलबंद एक लिटर जवळ ठेवा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल किंवा डिझेल यांचा थेंबही टाकीत जाऊ देऊ नका. सगळी रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळं बदलावं लागतं.

जुना पाइप काढताना

काम ठरलं की आदल्या दिवशी सगळे नट आणि निपल तारेच्या ब्रशने घासून स्प्रे मारून ठेवा. सकाळी पुन्हा मारा. या एका रात्रीने अर्धं काम हलकं होतं.

गाडी सपाट फरशीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी. मागून जॅकवर उचलून स्टँड लावा, पण स्टँड चासीखाली न लावता ॲक्सलखाली लावा. असं का, ते हवा काढताना सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

पाइप उघडला की टाकीतलं ऑइल गळत राहतं, टाकी रिकामी होते आणि मास्टर सिलिंडरमध्ये हवा भरते. हे टाळायला पॅडल साधारण इंच-दीड इंच दाबून सीट आणि पॅडल यांच्यामध्ये काठी अडकवा. तेवढ्याने मास्टर सिलिंडरच्या आतली टाकीकडची भोकं बंद होतात. ब्रेकचे दिवे पेटून राहतील, म्हणून बॅटरीची वायर काढून ठेवा.

आता नट. होजला जोडलेला नट सोडवताना होजचा षट्कोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर होज पिळला जातो आणि ब्रॅकेटही वाकतं. नट पाइपवर गंजून एकजीव झाला असेल तर नट फिरताना पाइपही पिळतो. जुना पाइप टाकायचाच आहे ना? मग झगडत बसू नका. नटाच्या अगदी जवळ पाइप कापून टाका आणि नटावर सहा कोनी सॉकेट चढवा. पान्याला न हलणारा नट सॉकेटने बहुतेकदा सुटतो. गॅसची आच देण्याचा मोह होतो, पण शेजारी रबरी होज, पेटणारं ब्रेक ऑइल आणि डिझेलची टाकी असते. मी आच देत नाही. उघडी राहिलेली तोंडं लगेच रबरी टोपीने बंद करा. फडक्याचा बोळा कोंबू नका, त्याचा धागा आत जातो.

जुना पाइप शक्यतो अखंड काढा, तोच नव्या पाइपचा साचा. तुकडे करावे लागणार असतील तर आधी त्याच्या वळणांवरून सुतळी फिरवून लांबी घ्या आणि मोबाइलवर प्रत्येक क्लिपचा फोटो काढून ठेवा.

टोक करणं

तयार पाइप असेल तर हा भाग सोडून द्या. स्वतः करणार असाल तर घाई बाजूला ठेवा, कारण सगळी गळती इथूनच जन्माला येते.

पाइप कटरनेच कापा. करवतीने टोक तिरकं होतं आणि कीस आत पडतो. कटर एक फेरा फिरवायचा, किंचित आवळायचा, पुन्हा फेरा. कापल्यावर आतली आणि बाहेरची धार काढा, टोकाची बाहेरची कड बारीक कानशीने थोडी उतरवा आणि पाइप खाली तोंड करून कीस झटकून टाका. मग नट पाइपवर चढवा, आटे टोकाकडे. सुंदर फ्लेअर झाल्यावर नट बाकावर राहिलेला दिसणं हे प्रत्येक मेकॅनिकच्या वाट्याला एकदा तरी येतं. त्यामुळे नट आधी.

फ्लेअर दोन प्रकारचे. एकात टोक आत दुमडून दुहेरी शंकू होतो, तो डबल फ्लेअर. दुसऱ्यात बुडबुड्यासारखा फुगवटा असतो, तो बबल फ्लेअर. दोन्हींच्या नटांचे आटे कधीकधी एकमेकांत बसतातही, पण बसण्याची जागा वेगळी, त्यामुळे गळतात. जुन्या पाइपचं टोक बघा आणि तसंच करा. एकेरी फ्लेअर ब्रेकला चालत नाही, तो दाबाने फाटतो.

पाइप क्लॅम्पमध्ये धरताना टोक किती बाहेर ठेवायचं, याचं माप टूलच्या अडॅप्टरवरच असतं: अडॅप्टरच्या पायरीएवढी उंची. क्लॅम्प नीट आवळा, पाइप मागे सरकला तर फ्लेअर लहान होतो. अडॅप्टरवर ब्रेक ऑइलचा थेंब लावून दाबत न्या, टोक छत्रीसारखं फुगेल. बबल फ्लेअर एवढ्यावर झाला. डबलसाठी अडॅप्टर काढून शंकू लावा आणि पुन्हा दाबा, कड आत दुमडते. टोक उजेडात धरून फिरवून बघा. एकीकडे जाड, एकीकडे पातळ नको, केसाएवढी भेगही नको. मनात शंका आली तरी कापून पुन्हा करा. म्हणूनच पाइप मापापेक्षा वीतभर जास्त घ्यायचा.

नवा पाइप बसवताना

वळण गोल वस्तूभोवती किंवा बेंडरने द्या. चपटा झालेला, चुणी पडलेला पाइप फेकून द्या, सरळ करून वापरायचा नाही. बसवण्याआधी आतून स्पिरिट टाकून हवा मारा, दुसऱ्या टोकाने जोरात यायला हवी.

रस्ता जुन्याच पाइपचा. सायलेन्सरपासून लांब, हलणाऱ्या कुठल्याही भागाला न घासता. दोन्ही टोकांचे नट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा आणि मगच क्लिप लावा. हाताने नट फिरत नसेल तर पाइप तिरका आलाय. पाना लावून जबरदस्ती केली की सिलिंडरचे आटे जातात. नट घट्ट करताना पाना आखूड धरा. हे छोटे नट १२ ते १८ न्यूटन मीटरवर बसतात, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. गळतोय म्हणून आवळत राहिलात तर फ्लेअर चिरडतो. गळला तर सोडवून फ्लेअर बघा. क्लिप रबरासकट मूळच्याच लावा आणि जुन्या क्लिपमधली माती आधी धुऊन टाका. होज बदलला असेल तर त्यावरची रंगीत रेघ सरळ दिसली पाहिजे. रेघ गोल फिरलेली दिसली तर होज पिळलाय. बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून ऑइल जातं) असेल तिथे तांब्याचे वायसर दरवेळी नवे.

हवा काढणे

हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पाइपमध्ये हवेचा छोटा फुगा राहिला तरी पायाचा जोर तो फुगा दाबण्यात जातो आणि पॅडल स्पंजासारखं लागतं.

आधी मागचे लायनर ॲडजस्ट करा. ड्रम आणि लायनर यांच्यात जास्त फट असेल तर हवा पूर्ण निघूनही पॅडल खालीच लागतं आणि माणूस दिवसभर हवाच काढत बसतो. काठी काढा, टाकी वरपर्यंत भरा. मास्टर सिलिंडर कोरडा पडला असेल तर त्याची हवा सर्वांत आधी काढा.

आता ॲक्सलखालच्या स्टँडची गोष्ट. अनेक पिकअपमध्ये चासी आणि मागचा ॲक्सल यांच्यात एक लोड व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही. रॉड किंवा स्प्रिंगने तो ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला, चासी खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे चाकं घसरत नाहीत. चासीखाली स्टँड लावून ॲक्सल लोंबत सोडलात, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी अगदीच रिकामी आहे, आणि तो मागची वाट आवळून धरतो. ऑइल नीट जात नाही, हवा तिथेच अडकते. कित्येक गाड्यांची 'हवाच निघत नाही' ही तक्रार मी फक्त स्टँडची जागा बदलून सोडवली आहे. त्या रॉडची लांबी बदलू नका, आणि व्हॉल्व्हला स्वतःचा निपल असेल तर त्याचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा.

क्रम मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाकडून जवळच्याकडे. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो खरा.

निपल सोडवताना आधी किंचित आवळा, वर हातोडीने हलके ठोका, मग सोडवा. तुटला तर व्हील सिलिंडर बदलणं हाच मार्ग. निपलवर आधी रिंग पाना, मग नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत, तळाशी थोडं ताजं ऑइल, नळी त्यात बुडालेली. नळी निपलपासून आधी वर जाऊ द्या, मग खाली, म्हणजे बुडबुडे परत आत जात नाहीत.

आत बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: इंजिन बंद, पॅडल सावकाश दाबायचं, आपटायचं नाही. आणि पॅडलखाली लाकडी गुटका ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये तळाकडचा भाग रोज वापरात नसतो, तिथे गंज आणि मळी असते. पॅडल पार तळाला गेलं की रबर त्यावर घासून फाटतं आणि हवा काढता काढता नवीच तक्रार उभी राहते.

तो तीन-चारदा सावकाश पंप करतो आणि दाबून धरतो. मोठ्याने सांगतो, 'धरलं.' तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा सोडता. नळीतून आधी फेसाळ, काळपट ऑइल येतं. त्याचं पॅडल खाली जातं, पण पाय काढायचा नाही. तुम्ही निपल बंद करून म्हणता, 'सोड.' त्यानंतरच तो पाय उचलतो. हा क्रम एकदा चुकला की निपलमधून हवा आत ओढली जाते आणि त्या चाकाचं काम पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा वेळा झालं की टाकी भरा. टाकी कोरडी पडू देणं ही इथली सगळ्यात महागडी चूक.

नळीत बुडबुडा नाही आणि ऑइल नव्या रंगाचं, स्वच्छ आलं की आणखी दोनदा करा, मग पुढचं चाक. निपल हलक्या हाताने बंद करा, वर रबरी टोपी लावा. लांबच्या पाइपमध्ये हवा हट्टी बसली असेल, तर सगळी चाकं झाल्यावर अर्धा तास गाडी तशीच ठेवा. छोटे बुडबुडे एकत्र येतात, दुसऱ्या फेरीत निघतात. माणूस नसेल तर निपल उघडून नुसतं गळू देता येतं. वेळ लागतो, टाकीवर डोळा ठेवावा लागतो, पण निभतं.

सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. लायनरवर उडालं असेल तर तो लायनर बदला. बाटलीतलं जुनं ऑइल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. जुन्या इंजिन ऑइलमध्येही मिसळू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवून जुनं तेल गोळा करणाऱ्याला तसं सांगून द्या.

तपासणी

इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) व्हॅक्युम संपतो. मग पूर्ण जोर लावून एक मिनिट दाबून धरा. पॅडल दगडासारखं थांबलं पाहिजे. तोपर्यंत दुसऱ्याने टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा लावून बघावा, ओल डोळ्याआधी कागदावर दिसते. कुठेही ओल नाही आणि तरी पॅडल सावकाश खाली बसतंय, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेलीत. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा, पॅडल किंचित खाली जाईल. तो बूस्टर चालू असल्याचा पुरावा.

मग अंगणात चालण्याच्या वेगाने, नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर २०-३० च्या वेगाने ब्रेक मारून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर कुठेतरी हवा किंवा ऑइल लागलेला लायनर आहे. रिकामी गाडी नीट थांबली म्हणून लगेच घाटात सोडू नका, अर्ध्या मालावर गावातच एक फेरी मारा.

गाडी शंभर किलोमीटर चालली की परत बोलवा. चाकं थंड झाल्यावर त्याच जोडांना तसाच कागद लावा आणि टाकीची पातळी दिल्या दिवशीच्या खुणेशी जुळवून बघा. मी टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवतो. मालकालाही तीच रेघ दाखवतो आणि सांगतो, मासळी उतरवली की हौद्याबरोबर खालून चासीलाही गोड्या पाण्याचा पाइप मारा, क्लिप-क्लिप करून, आणि रेघेखाली ऑइल गेलं तर वरून भरू नका, गाडी घेऊन या.